एक वर्षाचा एक्स-रे कोर्स की चार वर्षांची पदवी? आधी त्यामागचं हॉस्पिटल बघा

अक्कलकोटच्या एका मामांनी विचारलंय. भाची बारावी सायन्स झाली, पीसीबी ग्रुप, ६३ टक्के. नीटमध्ये काही जमलं नाही. सोलापुरातल्या एका संस्थेत एक वर्षाचा एक्स-रेचा डिप्लोमा आहे. तिथले लोक ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणतात आणि सीट अडवायची तर याच आठवड्यात पैसे भरा म्हणून फोनवर फोन करतात. दुसरीकडून कुणी चार वर्षांची पदवी सुचवतंय. घरात आजी म्हणते, मुलीला हे किरणांचं काम नको, पुढे लग्न व्हायचंय. आणि संस्थेच्या माणसाने असंही सांगितलंय की कोर्स झाल्यावर सोनोग्राफी करता येईल. तर काय करावं?

मामा, या आठवड्यात पैसे भरू नका. सोलापुरात एक्स-रे, सीटी आणि एमआरआय या तिन्ही खोल्यांत माझी वीसहून जास्त वर्षं गेली आहेत, आणि शिकाऊ मुलं-मुली दरवर्षी हाताखाली असतात. त्यांच्यात एक वर्षाचं प्रमाणपत्र घेऊन आलेली कुठे अडकतात ते मी बघते आहे.

आधी कायद्याचं बोलू. २०२१ साली केंद्र सरकारने ‘राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग’ नेमणारा कायदा केला. त्याच्या यादीत रेडिऑलॉजी, इमेजिंग आणि रेडिओथेरपी, म्हणजे किरणांनी कॅन्सरवर उपचार, यांचे तंत्रज्ञ येतात. तंत्रज्ञ म्हणून गणलं जायचं तर पदविका किंवा पदवी किमान २००० तासांची, दोन ते चार वर्षांत पसरलेली आणि सेमिस्टरमध्ये विभागलेली हवी, असं कायदा सांगतो. त्याच्या वरच्या ‘हेल्थकेअर प्रोफेशनल’ गटासाठी ३६०० तास आणि तीन ते सहा वर्षं. एक वर्षाचा कोर्स या मापात कुठेच बसत नाही. राज्य परिषदा, नोंदणी, परीक्षा ही सगळी घडी हळूहळू बसतेय. तुमची भाची शिकून बाहेर पडेल तेव्हा तिला या घडीतच काम करायचंय, जुन्या ढिलाईत नाही.

सरकारी नोकरीचं आपल्या दारातलंच उदाहरण घ्या. सोलापूर हे मध्य रेल्वेचं विभागीय मुख्यालय, रेल्वेचं स्वतःचं हॉस्पिटल इथे आहे. रेल्वे भरती मंडळाच्या पॅरामेडिकल जाहिरातीत रेडिओग्राफरसाठी बारावी फिजिक्स-केमिस्ट्रीसह आणि त्यावर रेडिओग्राफीची दोन वर्षांची पदविका मागतात. पद सातव्या वेतन आयोगाच्या पाचव्या स्तराचं, मूळ वेतन २९,२०० पासून, वर भत्ते. एक वर्षवाल्याचा अर्ज तिथे पहिल्याच चाळणीत गळतो. राज्याच्या आरोग्य विभागातल्या क्ष-किरण तंत्रज्ञाच्या पदांनाही जाहिरातीतली पात्रता शब्दशः जुळावी लागते. ‘समकक्ष आहे हो’ हे संस्थेच्या माणसाचं तोंडी आश्वासन कागदपत्रं तपासणाऱ्या टेबलापर्यंत पोचत नाही.

मग एक वर्षाचा कोर्स केलेल्यांना नोकरी मिळतच नाही का? मिळते की. ‘शंभर टक्के’ हा शब्द म्हणूनच फसवा. लहान सेंटर, अस्थिरोगतज्ज्ञाचा दवाखाना, रात्रपाळी, हातात रेल्वेच्या त्या आकड्याच्या निम्मेही नाहीत. बरीच मुलं तिथेच पाच-सात वर्षं राहतात, कारण सीटीच्या खोलीत शिरायला पदवी मागतात आणि तोवर घरची जबाबदारी अंगावर आलेली असते. ज्याला दुसरा मार्गच नाही त्याने केलं तर मी नावं ठेवणार नाही. पण ६३ टक्के असलेल्या मुलीला तिकडे ढकलायचं कारण मला दिसत नाही.

कोर्सच्या नावांचा गोंधळ फार आहे, त्यात अडकू नका. आपल्याकडे मुख्य रस्ता म्हणजे बीपीएमटी, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पॅरामेडिकल पदवी. तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. रेडिओग्राफी ही तिची एक शाखा, रेडिओथेरपी वेगळी, लॅब वेगळी, ऑपरेशन थिएटरची वेगळी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत ही पदवी चालते आणि खासगीच्या मानाने फी खूपच कमी असते. आजवर प्रवेश बारावीच्या गुणांवर होत आला आहे. शाखा आणि जागा प्रत्येक कॉलेजात सारख्या नसतात, तेव्हा त्या वर्षीची प्रवेशसूचना नीट वाचून सोलापूर, मिरज, लातूर, पुणे अशी सगळीकडे नजर ठेवा. दुसरा रस्ता अभिमत आणि खासगी विद्यापीठांच्या बीएस्सीचा. नाव मेडिकल रेडिओलॉजी अँड इमेजिंग टेक्नॉलॉजी किंवा त्याच्या आसपासचं काहीतरी. तिथे फी जास्त, दर्जा कुठे उत्तम तर कुठे नुसती इमारत. तिसरा दोन वर्षांच्या पदविकेचा, विद्यापीठाची किंवा शासनमान्य मंडळाची असेल तर. घरची परिस्थिती चार वर्षं थांबण्यासारखी नसेल तर हा चालेल, पण पदवीची वाट पुढे उघडी राहते का ते आधीच विचारून घ्या. घरबसल्या, पत्राद्वारे, ऑनलाइन असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. या आयोगाच्या कक्षेतले आरोग्यसेवेचे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवणं यूजीसीने २०२५ च्या सत्रापासून बंद करायला लावलंय. ते योग्यच झालं. हाताने पेशंट न वळवता रेडिओग्राफी शिकता येत नाही.

मुलगी आहे म्हणून आणखी एक गोष्ट. जुलै २०२४ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. केंद्रीभूत प्रवेशातून गेलेल्यांसाठी ती आहे. अभिमत आणि खासगी विद्यापीठांना लागू नाही. तुम्ही जो कोर्स आणि जे कॉलेज धराल तिथे ही सवलत बसते का, हे प्रवेशाच्या खिडकीवर पहिल्या दिवशीच विचारा. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, अधिवास, लागू असेल तर जात पडताळणी, या कागदांसाठी सेतूत निकालानंतर जी झुंबड उडते ती तुम्हाला माहीत आहेच. आत्ताच अर्ज टाकून ठेवा. आणि पहिल्या यादीत नाव नाही म्हणून घरी बसू नका. नर्सिंगला, फार्मसीला, बीएएमएसला नंबर लागला की मुलं जागा सोडतात आणि पुढच्या फेऱ्यांत याद्या बऱ्याच खाली सरकतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॉलेजची इमारत बघायला जाऊ नका, त्यामागचं हॉस्पिटल बघायला जा. हे शिक्षण वर्गात होतं ते थोडं. शरीररचना, शरीरक्रिया, किरणांचं भौतिकशास्त्र हे पहिल्या वर्षी वर्गातच शिकायचं आणि ते नीट शिकायचं. पण पुढे सगळी मदार तुमच्या हाताखालून किती आणि कसले पेशंट गेले यावर. आपलं सिव्हिल घ्या. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासूनचं आणि सिव्हिल हे त्याचं रुग्णालय. जिल्ह्यातून, शेजारच्या धाराशिवमधून, कर्नाटकातून पेशंट येतो. पुणे-हैदराबाद हायवेवरचा अपघात रात्री दोनला येतो. विडी कामगार बाई खोकला घेऊन येते, गळीत हंगामात ऊसतोडणीवरचा माणूस हात मोडून येतो, जत्रेत हरवलेल्या पोराचं वय ठरवण्यासाठी पोलीस घेऊन येतात. अशा ठिकाणी एक वर्ष काढलेली मुलगी आणि दिवसाला दहा छातीचे एक्स-रे होणाऱ्या सेंटरमध्ये ‘प्रॅक्टिकल’ केलेली मुलगी, दोघींच्या हातात प्रमाणपत्र सारखंच दिसतं. मला पाच मिनिटांत फरक कळतो.

कसा कळतो? छातीचा साधा एक्स-रे काढायला सांगते. पेशंट सहा फुटांवर उभा, छाती प्लेटला टेकलेली, खांदे पुढे वळवलेले, श्वास भरून धरलेला. चांगल्या फिल्मवर मागच्या नऊ-दहा बरगड्या मोजता येतात, दोन्ही गळपट्टीच्या हाडांची आतली टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर असतात आणि खांद्याची पाती फुप्फुसाच्या बाहेर गेलेली असतात. पेशंट जरा तिरका राहिला किंवा श्वास अर्धाच घेतला की चांगलं हृदय मोठं दिसतं आणि निरोगी फुप्फुसाच्या तळाशी सावली दिसते. डॉक्टर मग सीटी लिहून देतात. म्हणजे आपल्या आळसाची किंमत पेशंटने पैशात आणि किरणांत मोजायची. पूर्वी फिल्म डार्करूममध्ये डेव्हलपरमधून काढायची, तेव्हा एक्स्पोजर जास्त झालं की फिल्म काळी पडायची आणि चूक सगळ्यांना दिसायची. आता डिजिटलमध्ये मात्रा दुप्पट दिली तरी कॉम्प्युटर चित्र सुरेख करून दाखवतो. म्हणून हल्लीची मुलं नकळत मात्रा वाढवत नेतात. केव्ही म्हणजे किरणांचा जोर आणि एमएएस म्हणजे त्यांचं प्रमाण, हे कशासाठी ठरवायचं ते कळलेला माणूस तिथे थांबतो. नुसतं बटण दाबायला शिकलेला थांबत नाही.

तेव्हा भाचीला घेऊन सकाळी अकराच्या सुमारास, ओपीडी भरात असताना, त्या संस्थेच्या हॉस्पिटलला जा. संस्थेचं स्वतःचं हॉस्पिटल नसेल आणि ‘आमचा टाय-अप आहे’ असं उत्तर आलं, तर ज्याच्याशी टाय-अप आहे तिथे जा. एक्स-रे खोलीबाहेर बसून एक तास बघा. किती पेशंट आले, विद्यार्थी आत आहेत की कँटीनमध्ये, एका यंत्रापाशी चार जण आहेत की चाळीस. शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचारा, गेल्या महिन्यात तू स्वतः कोणकोणते व्ह्यू काढलेस, सीटीच्या कन्सोलवर कधी बसलीस का. भिंतीवर अणुऊर्जा नियामक मंडळाचा, म्हणजे एईआरबीचा परवाना लावलेला आहे का ते पाहा. आणि आणखी एक खूण बघा, ती सहसा कुणी सांगत नाही. विद्यार्थ्यांच्या छातीला टीएलडी बॅज आहे का? किरणांत काम करणाऱ्याला किती मात्रा लागली हे मोजणारा हा लहानसा बिल्ला. शिकाऊ मुलांना बॅज न देता खोलीत उभं करणारी संस्था बाकीचे नियम पाळते यावर माझा विश्वास नाही.

इथून आजीच्या भीतीकडे येते. भीती वेडगळ नाही. १८९५ मध्ये राँटजेनने किरण शोधले, त्यानंतरच्या पहिल्या पिढीतल्या कितीतरी लोकांची बोटं गेली, जीव गेले. आजचे नियम त्यातूनच आले. भारतात किरणांत काम करणाऱ्यासाठी पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं माप) ही मर्यादा आहे आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जाता येत नाही. सर्वसामान्य माणसासाठी हा आकडा १. अठरा वर्षांखालच्या कुणाला या कामावर घेता येत नाही. सोळा ते अठरा वयाच्या शिकाऊंना वेगळी, वर्षाला ६ मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. जगात आपण सगळेच जमीन, हवा, आकाश यांतून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्टच्या आसपास घेतो. आणि नीट काम करणाऱ्या एक्स-रे तंत्रज्ञाच्या बॅजवर वर्षभरात बहुतेक वेळा १ च्या आतलाच आकडा येतो. कारण किरण बटण दाबेपुरतेच असतात आणि बटण दाबताना आपण भिंतीआड किंवा शिशाच्या काचेमागे असतो. आयसीयूत पोर्टेबल, म्हणजे यंत्र खाटेपाशी नेऊन एक्स-रे काढताना भिंत नसते, तिथे अंतर कामाला येतं. अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथाईवर येते. म्हणून दोन मीटर मागे सरकायचं, एप्रन घालायचा आणि पेशंटला धरायला आपण स्वतः रोज उभं राहायचं नाही. धरायचंच असेल तर नातेवाइकाला एप्रन देऊन धरायला लावायचं, आणि तो नातेवाईक गरोदर बाई नको.

गरोदरपणाचं विचारायला तुम्ही संकोचला असाल, म्हणून मीच सांगते. दिवस राहिल्याचं कळवलं की त्यापुढच्या काळात पोटातल्या बाळाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त लागू नये असा नियम आहे, आणि त्या बाईला सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र), पोर्टेबल अशा कामांतून बाजूला ठेवायची पद्धत आहे. बायका हे काम करतात, लेकरंबाळं होतात, परत कामावर येतात. मात्र लपवू नये. लाजेपोटी तीन-तीन महिने न सांगणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. बॅज छातीवर, एप्रनच्या आत लावायचा. काम संपलं की तो एक्स-रे खोलीत खुंटीवर टांगून जायचं नाही. नाहीतर खोलीतली मात्रा तुमच्या नावावर चढते, तीन महिन्यांनी मोठा आकडा येतो आणि चौकशीला उत्तरं देत बसावं लागतं. खरं सांगू का, या धंद्यात माझ्या सोबतिणींचं आरोग्य बिघडलं ते किरणांनी नाही, कंबरेने. ऐंशी किलोचा बेशुद्ध पेशंट स्ट्रेचरवरून टेबलावर घ्यायचा असतो आणि वॉर्डबॉय जेवायला गेलेला असतो.

‘एसीतलं काम’ असं समजून येणारी मुलं पण बरीच. एसी असतो, पण तो सोलापूरच्या उन्हाळ्यात सीटीचं यंत्र तापू नये म्हणून. बाकी काम माणसांचं आहे. घाबरलेली, दुखणारी, कधी प्यायलेली माणसं. इथे तुमच्या भाचीची एक बाजू बळकट आहे. अक्कलकोटची म्हणजे कन्नड येत असणार. पूर्व भागातला विणकर तेलुगू बोलतो, दक्षिण सोलापूरची आजी कन्नड. श्वास घ्या, धरा, सोडा एवढं त्यांच्या भाषेत सांगता आलं तरी एक्स-रे पहिल्या झटक्यात येतो. दुसरं, बायका आत बाई आहे का विचारतात. मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेला, तर बाई तंत्रज्ञच लागते आणि अशा प्रशिक्षित मुली सोलापुरात शोधाव्या लागतात.

सोनोग्राफीचं मात्र साफ खोटं आहे. गर्भलिंग निदान रोखणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदलेल्या यंत्रावर ठरावीक पात्रतेचे डॉक्टरच सोनोग्राफी करू शकतात. तंत्रज्ञाने प्रोब हातात घेतला तर गुन्हा होतो आणि यंत्राला सील लागतं. परदेशात सोनोग्राफर हा वेगळा व्यवसाय आहे, त्यावरून हे लोक गोष्टी रचतात. जी संस्था हे वचन देते, तिच्या बाकीच्या वचनांचंही मोल तुम्हीच करा.

सीटी, एमआरआय मात्र आपलंच क्षेत्र. एमआरआयमध्ये आयनीकरण करणारे किरण नाहीत, म्हणून मुलींच्या घरचे ते पसंत करतात. तिथला धोका चुंबकाचा, आणि तो चुंबक दिवसरात्र चालू असतो, यंत्र बंद दिसलं तरी. २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर आत नेला गेला आणि नातेवाइकाचा जीव गेला. दारावरची माणसाची तपासणी हे तिथलं पहिलं काम, स्कॅन त्यानंतर. रेडिओथेरपीची शाखा मिळाली तर तीही वाईट नाही. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आपल्याच जिल्ह्यात आहे. अशा ठिकाणी जाऊन एकदा ते काम बघून यावं, कारण तिथे तोच पेशंट आठवडेच्या आठवडे रोज येतो आणि ते सगळ्यांना झेपत नाही. पदवी असेल तर पुढे एमएस्सी, शिकवणं, यंत्राच्या कंपनीत ॲप्लिकेशनचं, म्हणजे यंत्र वापरायला शिकवण्याचं काम, परदेश हे सगळं खुलं राहतं.

शेवटी त्या फोन करणाऱ्या संस्थेबद्दल. त्यांच्याकडे तीन गोष्टी लेखी मागा: कोर्स कोणत्या विद्यापीठाचा वा मंडळाचा, एकूण तास किती, आणि प्रॅक्टिकल कोणत्या हॉस्पिटलमध्ये किती महिने. व्हॉट्सॲपवरचं चित्र नको, लेटरहेडवर सही-शिक्का हवा. आणि कुठेही प्रवेश घ्या, बारावीची मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला तिथे ठेवून येऊ नका. तपासून परत द्यायचे असतात. यूजीसीने विद्यापीठांना आणि कॉलेजांना मूळ कागद अडकवून ठेवायला मनाई केलेली आहे. ‘फी पूर्ण भरेपर्यंत राहू दे’ म्हणाले तर झेरॉक्स द्या, मूळ कागद पिशवीत घाला आणि पुढच्या कॉलेजला चला.